गोगलगाईचं नाव

सरांची मुलगी लहानपणीच गेली. पुढच्याच वर्षी त्यांना गोगलगाईची एक इवलीशी नवी प्रजाती सापडली, तिला त्यांनी मुलीचं नाव दिलं. आता त्यांच्याच विद्यार्थिनीच्या लक्षात आलं, की ती वेगळी प्रजाती नाहीच. आधीपासून माहीत असलेल्या एका गोगलगाईचं ते पिल्लू आहे. नियमाप्रमाणे जुनं नाव राहतं, नंतर दिलेलं रद्द होतं.

हे मांडणारा शोधनिबंध छापायला देण्याआधी ती चोरासारखी सरांच्या घरी गेली. तिने आणलेले दोन्ही गोगलगाईंचे शंख सरांनी भिंगाखाली बराच वेळ उलटसुलट करून पाहिले.

"बरोबर आहे तुझं. पिल्लूच आहे. तेव्हा मला घाई झाली होती."

"सर, मी नाही छापत. कुणाचं काय अडलंय त्यावाचून?"

"वेडी आहेस का? हेच शिकवलं का मी तुला?"

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "काय गं, आमच्या लेकीच्या गोगलगाईवरच चाललंय ना अजून तुझं काम? मग जेवल्याशिवाय जायचं नाही हं."

तिची मान खाली गेली. सरांनी शंख डबीत ठेवले आणि आवाज खाली आणला.



"छाप तू. फक्त तिच्या आईला मी सांगेपर्यंत थांब."