टर्बोचं मागचं चाक

मनीषाताईंनी लिंबाएवढं चाक धोंडीरामांच्या तळहातावर ठेवलं. "मोजा काका. अकरा पाती आहेत. दोन तुटलीत, तिसऱ्याला चीर गेलीय."

मोजायचं सोडून धोंडीरामांनी चाक खिडकीकडे धरलं. सातपूरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. हातात धातू आला की उजेडाकडे धरणारच.

"टर्बोत एकाच दांड्यावर दोन चाकं असतात," मनीषाताई म्हणाल्या. सातपूरमधलं हे टर्बोचं वर्कशॉप त्यांचंच. "इंजिनच्या धुरावर हे मागचं फिरतं, ते पुढच्याला फिरवतं आणि पुढचं हवा ओढतं. मागचंच मोडलं म्हणून गाडीचा दम गेला. आता बोला, नवीन टाकायचं की हेच दुरुस्त करायचं? नवीन पुण्याहून उद्या येईल. दुरुस्तीला कोइमतूरला पाठवावं लागेल. पंधरा दिवस धरा."

पंधरा दिवस! धोंडीरामांना तो आकडाच गोड लागला.

गाडी त्यांच्या मुलाची, रविराजची. इंदूरला नोकरी. आठ दिवसांसाठी आला होता. रविवारी सकाळी निघाला आणि शहर सुटायच्या आधी, आडगाव नाक्याच्या आतच गाडीने मान टाकली. गाडी वर्कशॉपला आणि रविराज परत घरी, असे दोन दिवस वरकड मिळाले होते.

"तुमचं काय म्हणणं?" मनीषाताईंनी रविराजला विचारलं.

"बाबा म्हणतील तसं. धातूतलं त्यांना जास्त कळतं," तो म्हणाला. "मी जरा फोन करून येतो." आणि बाहेर गेलासुद्धा.

धोंडीरामांना नवल वाटलं. पोरगा मेकॅनिकल इंजिनिअर, तोही डिझेल इंजिनच्या कंपनीत. एरवी बापाला साधा बल्ब बदलू देत नाही. पण आयता मिळालेला अधिकार सोडायला ते काही खुळे नव्हते.

"दुरुस्तच करा," ते म्हणाले. "हल्ली सगळ्यांना फेकायची घाई. पाती भरून घ्यायची, घासायची, तोल साधायचा. आम्ही काय कमी केलीत असली कामं?"

हे सगळं खरंच होतं, पण कारण ते नव्हतं. बायको, कलाबाई, जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून धोंडीराम अंघोळीला जातानाही टीव्ही चालू ठेवून जात. कर्ज हवंय का म्हणून कुठल्या बँकेतल्या पोरीचा फोन आला, तर 'जेवलीस का' म्हणून तिचीच चौकशी करत. ती बिचारी गोंधळून फोन ठेवून द्यायची. मग दिवसभर पुन्हा कुणाचा आवाज नाही.

शनिवारी ते सटाण्याला एका लग्नाला जाऊन आले, तर दार रविराजने उघडलं. दुपारचे चार वाजलेले आणि हा दुसऱ्यांदा अंघोळ करून ओल्या केसांनी उभा. "लय उकडत होतं," म्हणाला. आपल्या घराचं दार आतून कुणीतरी उघडतंय, एवढ्यानेच धोंडीरामांना भरून आलं होतं. चपला काढायच्या निमित्ताने ते बराच वेळ खाली वाकून राहिले.

"काका, तुमची कामं वेगळी," मनीषाताई म्हणाल्या. "हे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, तेही लालभडक तापून. पाठवा म्हणाल तर पाठवते. पण भरलेलं पातं टिकेल, असं मी लिहून देणार नाही."

"नाही टिकलं तर काय होईल?"

"इंदूरला जाताना सेंधव्याचा घाट लागतो ना? चढावर गाडीचा दम एकदम जातो. आणि मागून भरलेला ट्रक येत असतो."

धोंडीरामांनी मान वळवली. काचेतून बाहेर रविराज दिसत होता, पाठमोरा, फोन कानाला. कानामागचे केस पिकायला लागले होते त्याचे. आपल्याला पंधरा दिवस सोबत हवी म्हणून ह्याला त्या ट्रकपुढे उभं करायचं? त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"नवीन मागवा," ते म्हणाले. "उद्याच बसवा."

मनीषाताईंनी वहीत लिहून घेतलं. धोंडीराम मात्र उठेनात.

"ताई, हे मीच मोडलंय," ते हळूच म्हणाले. "रविवारी पहाटे. तो झोपला होता. बॉनेट उघडून, इंजिनात हवा जाते त्या नळीत एक नट सोडला. एखादा दिवस गाडी अडेल, एवढंच मनात होतं. इतकी नासधूस होईल असं वाटलं नव्हतं. त्याला सांगू नका."

मनीषाताईंनी टेबलाचा खण उघडला आणि एक नट काढून त्यांच्यापुढे ठेवला. "हाच का? एअर फिल्टरच्या डब्यात तळाशी पडला होता. तुम्ही लेथवाले, काका. त्या नळीतलं काही फिल्टरच्या पुढे जात नाही. गेलं असतं, तरी पुढच्या चाकाला लागलं असतं. ते कोरं करकरीत आहे."

"मग हे मागचं कसं मोडलं?"

"मागच्या चाकाकडे वाट इंजिनच्या बाजूने. इंजिनचा धूर नेणारा जाड नळ, मॅनिफोल्ड, तो उतरवल्याशिवाय तिथं हात पोचत नाही. कुणीतरी दोन-तीन तास बसून तो उतरवलाय, आत लोखंडाचा तुकडा टाकलाय आणि नवं गॅस्केट घालून परत बसवलाय. इतकं सफाईचं काम माझ्याकडच्या कारागिरांनाही जमत नाही."

हातातलं चाक फिरवताना धोंडीरामांना शनिवारची ती दुसरी अंघोळ आठवली.

दार ढकलून रविराज आत आला. फोन खिशात टाकत म्हणाला, "काय ठरवायचं ते सावकाश ठरवा, बाबा. मी पंधरा दिवसांची रजा टाकलीय."