आजोबांनी पाहिलेलं बंदर

“उद्या बंदरावर आपल्याला गाईड-बिईड काही लागणार नाही,” जहाजाच्या जेवणघरात लेकीने जाहीर करून टाकलं. “बाबा आहेत ना!”

आजोबांनी तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला.

सहलीच्या जहाजावरचा हा त्यांचा दुसरा दिवस. टेबलाभोवती सगळे घरचेच: लेक, जावई, नात भिंगरी आणि आजी. उद्या सकाळी जहाज बंदराला लागणार, दिवसभर थांबणार आणि संध्याकाळी सुटणार. तेवढ्या वेळात काय बघायचं आणि कुठे जेवायचं, ते ठरवायला मंडळी बसली होती. ठरवायचं म्हणजे काय, तर आजोबांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. आजोबांची उभी हयात मालवाहू जहाजांवर आचारी म्हणून गेलेली. या बंदराच्या गोष्टी तर त्यांनी इतक्या सांगितल्या होत्या, की त्या ऐकत लेक मोठी झाली आणि आता भिंगरीला त्या तोंडपाठ होत्या.

गोष्टी खऱ्या होत्या. फक्त आजोबा त्यांत नव्हते.

त्याचं असं, की जहाज बंदराला लागलं की बाकीच्यांना सुट्टी आणि आचाऱ्याची धावपळ. भाजीपाला, पीठ, बर्फातली मासळी, सगळं जहाजावर चढायचं ते याच वेळी, आणि पारखून घ्यायला तोच एकटा. खलाशी नटूनथटून गावात जायचे. परत आले की भटारखान्याच्या दाराला टेकून, जेवता जेवता, पाहिलेलं गाव रंगवून सांगायचे. आजोबा कांदा परतत ऐकायचे. पहिल्यांदा घरी आले तेव्हा एवढीशी लेक मांडीवर चढून म्हणाली, “बाबा, तिकडे काय काय पाहिलंत?” आता पोरीला काय सांगणार, कांदे? दिली एक थाप ठोकून. मग एकीच्या पन्नास झाल्या.

“आजोबा, आधी कारंजं ना? मग त्या उंच पायऱ्या, मग पायऱ्यांखालची खाणावळ!” भिंगरी खुर्चीवर उभीच राहिली. “तिथल्या मावशींनी तुम्हाला आत नेऊन मासे तळायला लावले होते, तीच!”

“ती केव्हाच बंद पडली असेल गं.”

“बघू ना जाऊन! तुम्हाला बघितलं की लगेच ओळखतील त्या!”

ओळखतील! आणि ही पोरगी तर त्यांच्याकडे अशी बघत होती, जसा काही सगळा समुद्र त्यांनीच घागरीने भरून ठेवलाय. उद्या त्या नजरेतून एकदा का उतरलो, की संपलंच सगळं, असं त्यांच्या मनात आलं आणि समोरचं जेवण गोड लागेना.

“माझं ऐका, दुपारी जेवायला जहाजावरच परत यायचं,” ते घाईघाईने म्हणाले. “इथे एवढं मांडून ठेवलंय, ते टाकून बाहेर कशाला खायचं?” जितका वेळ जहाजावर, तितकी थाप सुखरूप, असा त्यांचा साधा हिशोब.

“बाबा, इथलं तर रोजचंच आहे,” जावई हसत म्हणाले.

“मग तुम्हीच जाऊन या सगळे. माझा गुडघा जरा कुरकुरतोय. आणि माझं काय, सगळं पाहून झालंय.”

“छे! तुमच्याशिवाय कसली आलीय मजा?” आजी मध्येच म्हणाली. “जेवायचं त्या खाणावळीतच. आणि रस्ता दाखवायला सगळ्यांच्या पुढे हे. ठरलं!”

आजोबा बायकोकडे बघतच राहिले. जन्मभर आपली बाजू सावरून घेणारी ही बाई नेमकी आत्ताच कशी उलटली? निघाल्यापासून तिचं हेच चाललं होतं. ‘ह्यांना विचारा’, ‘ह्यांना सगळं ठाऊक आहे’. वैरीण कुठली!

सकाळी जहाज धक्क्याला लागलं. लेक, जावई आणि भिंगरी शिडीवरून खाली उतरलेसुद्धा. आजोबा मात्र वरच, कठडा घट्ट धरून उभे. समोर डोंगरउतारावर गाव होतं. इतक्या वेळा इथे येऊन त्यांनी काय पाहिलं होतं, तर भटारखान्याच्या वाटोळ्या खिडकीतून धक्क्यावरची पोती. तेवढ्यात खालून भिंगरीने हाक मारली, “आजोबा, डावीकडे की उजवीकडे?”

“गुडघा,” आजोबा पुटपुटले.

“काही झालेलं नाही गुडघ्याला,” आजी म्हणाली.

मग मात्र त्यांना राहवेना. “अगं, मी या गावात कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही,” ते हळूच म्हणाले. “याच काय, कुठल्याच नाही. सगळं ऐकीव. ते कारंजं, ती खाणावळ, ते मासे, सगळं त्या खलाशांचं. आजोबा थापाड्या निघाला हे पोरीला कळलं, तर मी तोंड कुठे लपवू गं?”

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. आजी रागावली नाही, की हसलीही नाही. तिने त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली, त्यांचा हात धरला आणि शिडीवर स्वतः आधी पाऊल टाकलं.

“अहो, तुमचे बाहेर घालायचे बूट दर सफरीनंतर नेले तसेच घरी यायचे, तळाला ना धूळ ना चरा,” ती म्हणाली. “म्हणून तर लेकीच्या मागे लागून याच बंदराला येणारं जहाज घ्यायला लावलं. आता उतरा, आणि तिला ‘डावीकडे’ म्हणून सांगा. कालच जहाजावरच्या माणसांना सगळा रस्ता विचारून ठेवलाय मी.”