तारेची बाहेरची बाजू

गोल्फ क्लबाच्या अध्यक्षांनी मखमली पडदा ओढला आणि भिंतीवरची पितळी पाटी झळकली. ‘जगज्जेती गोल्फपटू. इथेच शिकली, इथेच घडली.’

टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या रांगेतल्या गुबगुबीत खुर्चीच्या अगदी कडेला टॉवेलबाई टेकली होती. क्लबाचे टॉवेल धुण्यात तिचा जन्म गेला, पण या दिवाणखान्यात ती आज पहिल्यांदा आली होती. गेल्या महिन्यात लेकीने जगातला सगळ्यात मोठा करंडक उचलला, म्हणून आईलाही बोलावणं होतं. येताना तिने लेकीला बजावलं होतं, “हे बघ, वाकड्यात शिरायचं नाही. हसायचं, फुलं घ्यायची, घरी यायचं.”

लेक पाटी वाचत होती. वाचून झाली तरी वाचतच होती. आईला ती नजर ठाऊक होती. लहानपणी कुणाचं खोटं पकडलं की पोरगी अशीच बघायची.

“डावखुरेपण ही जन्मजात देणगी असते बरं!” अध्यक्ष माइकवर रंगात आले होते. “ती आमच्या क्लबाने वेळीच ओळखली.” आणि त्यांनी क्लबाच्या वहीत सही करण्यासाठी पेन तिच्या डाव्या हाताशी नेलं.

तिने ते उजव्या हातात घेतलं आणि झरझर सही केली.

“अरेच्चा! तू डावखुरी नाहीस?”

“नाही. सुईत दोरासुद्धा उजव्या हाताने ओवते. खेळते तेवढी डावीकडून.”

“असं कसं?”

लेकीने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. आईला दिलेला शब्द पाळत होती पोरगी.

ते गप्प राहणं टॉवेलबाईला बघवेना. गप्प राहण्याचं काम तिने स्वतः उभा जन्म केलं होतं. ते लेकीच्या वाट्याला गेलेलं तिला नको होतं. ती उठली.

“मी सांगते, साहेब.” तिला माइक लागला नाही. लॉन्ड्रीतल्या यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय होती. “आमची लॉन्ड्री तुमच्या कुंपणाच्या तारेपलीकडे. टॉवेलांची गाठोडी तारेवरून आत यायची, आम्हाला मात्र आत बंदी. ही तारेला नाक लावून तुमचा खेळ बघायची आणि टॉवेल ढवळायची माझी काठी घेऊन तसंच करायची. तुम्ही समोर, तोंड हिच्याकडे. आरशात बघून शिकावं तसं झालं ते. तुमचं उजवं, ते हिचं डावं. शेजारी उभं राहू दिलं असतंत, तर सुलटं शिकली असती.”

मागे कुणीतरी खोकलं.

“पुढे भेटला तो प्रत्येक शिक्षक म्हणाला, बाजू बदल,” लेक म्हणाली. “नाही बदलली.”

“जाऊ द्या हो बाई, जुन्या गोष्टी त्या,” अध्यक्ष हसत म्हणाले. “शेवटी शिकली इथेच ना?”

“पाटी छानच आहे,” टॉवेलबाई म्हणाली. “जागा तेवढी चुकलीय.”

ती भिंतीशी गेली. हुकावरून पाटी उचलली, ओल्या टॉवेलांच्या गाठोड्यासारखी काखेत मारली आणि चालू लागली. लेकीने हातातली फुलं खुर्चीवर ठेवली आणि ती आईच्या मागोमाग निघाली.

दोघी फाटकातून बाहेर पडल्या, मागच्या रस्त्याने लॉन्ड्रीच्या अंगणात आल्या. अध्यक्ष “अहो बाई, अहो बाई” करत आतल्या हिरवळीवरून आडवे धावले आणि तारेपाशी येऊन थांबले.

टॉवेलबाईने वाळत घालायच्या दोरीचा एक तुकडा तोडून घेतला.

“तोंड कुणीकडे करू, आई?” पाटी तारेला टेकवून धरत लेकीने विचारलं.

“आपल्याकडे.”

तारेच्या आत उभ्या अध्यक्षांपुढे पाटीची कोरी पाठ आली. त्यांनी मान इकडून तिकडे केली. “बाई, इथून काहीच वाचता येत नाही हो!”

टॉवेलबाईने दुसरी गाठ दातांनी आवळली.

“मग वळसा घालून या, साहेब,” ती म्हणाली. “या बाजूला यायला कुणालाच बंदी नाही.”