तीन शब्दांची शर्यत

शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि वहिनी ओरडली, "बिसाइड!"

नणंदेने दातओठ खाऊन वेग वाढवला. कुणीतरी बरोबरीला आलं होतं. कोण, ते तिला दिसणार नव्हतं. तिला तर जन्मापासूनच दिसत नव्हतं, आणि आज नियमाप्रमाणे धावणाऱ्या सगळ्याच मुलींच्या डोळ्यांवर काळी पट्टी होती. प्रत्येकीबरोबर एक डोळस जोडीदारीण, आणि दोघींच्या हातांत मिळून एक वीतभर दोरी.

नणंद-भावजय एका दोरीला, हा विनोद घरात वर्षभर पुरला होता. "घरीही अशाच बांधून ठेवा, म्हणजे भांडायला दोन खोल्या तरी लागणार नाहीत," असं वहिनीचा नवरा येईल त्याला सांगायचा. शब्द मात्र नणंदेने ठरवलेले. मैदानाच्या कडेने सगळेच 'पळ', 'पुढे', 'डावीकडे' म्हणून बोंबलत असतात, त्यातलं आपल्या माणसाचं कुठलं हे कळायचं कसं? म्हणून इंग्रजी. निअर म्हणजे वळण जवळ आलं. बिसाइड म्हणजे कुणीतरी बाजूला आलंय. आणि विथ म्हणजे काही नाही, मी आहे. हा शब्द वहिनी दर दहा पावलांनी म्हणायची, गरज असो वा नसो. सातवीतच इंग्रजीशी कट्टी घेतलेल्या बाईला तीन शब्द म्हणजे डोक्यावरून पाणी. थांबण्यासाठी चौथा लागलाच नाही. जोडीदारणीने रेषा मागाहून ओलांडायची असा नियम आहे. त्यामुळे रेषेपाशी वहिनी अर्धं पाऊल मागे राहायची, दोरी ताणली जायची, आणि नणंदेला कळायचं की पोचलो.

"विथ!"

आज पहिलं यायलाच हवं होतं. सकाळी पाय मोकळे करताना धावण्याचा सराव घेणाऱ्या सरांनी नणंदेला गाठून सांगितलं होतं, "तुझा वेग वहिनींना झेपेनासा झालाय. आज पहिली आलीस तर जोडी राहू दे. नाहीतर सोमवारपासून तुला नवी जोडीदारीण देतो." सर बोलले हळूच, पण दोरी हातात होती आणि वहिनी वीतभर अंतरावर उभी होती. तिने नुसती बुटाची नाडी पुन्हा बांधली.

"निअर!"

वळण. डावा खांदा आत. बाजूची मुलगी मागे पडली, तिच्या जोडीदारणीचा आवाज मागे पडला. नणंदेचं काळीज आनंदाने उड्या मारायला लागलं. आता कुणाच्या बापाला ऐकत नाही मी!

"विथ!"

आठ, नऊ, दहा. शब्द आला नाही. अकरा, बारा. आणि दोरी ताणली गेली.

पोचलो! नणंदेने पाय सैल सोडले, हात वर करायला घेतला.

"अगं पळ! काय करतेस!" कडेने सर गळा फाटेस्तोवर ओरडत होते. उजवीकडून दोन जोड बूट धपधप करत पुढे निघून गेले. हातातली दोरी थरथरत होती, आणि मागे वहिनीचा श्वास भात्यासारखा वाजत होता.

रेषा आलेलीच नव्हती. वहिनीचा दम संपला होता.

"वि..." मागून आलं. पुढे फक्त हवा.

नणंदेच्या पायांत पुन्हा जोर आला. दोरी सोडली तर दोघी बाद. सोडली नाही तर मागे ही दमलेली वहिनी. सरळ कुठे, वळण कुठे, हे आता सांगणार कोण? तेवढ्यात दोरी किंचित डावीकडे ओढली गेली. शब्द संपले होते, हात शाबूत होता. मागे राहूनही वहिनी तिला सरळ ठेवत होती.

मग नणंदेने कधी न केलेली गोष्ट केली.

"विथ!" ती स्वतःच ओरडली.

मागची फरफटणारी पावलं अडखळली आणि अर्धं पाऊल मागेच, पण तिच्या ठेक्यात पडू लागली.

दहा पावलं. "विथ!" आणखी दहा. "विथ!" पुढचे बूट ऐकू यायला लागले, मग शेजारी आले. मैदान दणाणत होतं. दोन पावलांत ते बूट मागे गेले आणि लोकांनी जो गलका केला, त्यात भोंग्यावरचा माणूस काय किंचाळतोय ते कुणालाच कळलं नाही. तो सांगत होता की पहिली कोण आली.

नणंदेला कुणी कळवायचं? दोरी तर कधीची ताणलेलीच होती. ती पळत राहिली.

लोक हसायला लागले. पंचांनी शिट्ट्या फुंकल्या. सर टोपी हातात घेऊन कडेकडेने धावत सुटले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले होते. "वहिनी, जिंकलात! अहो, थांबवा तिला!"

वहिनीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मागे पडलेल्या रेषेकडे पाहिलं. रेषेपलीकडे नणंदेचा वेग थोडा उतरला होता, आणि वहिनीच्या छातीत एक-दोन शब्दांपुरता श्वास जमला होता.

"विथ?" पुढून नणंदेने विचारलं. या वेळी आवाज घाबरा होता.

वहिनीने अर्धं पाऊल पुढे टाकलं. दोरी सैल झाली.

"विथ!" ती खणखणीत म्हणाली. मग समोर बघून ओरडली, "निअर!"

आणि दोघी डावीकडे वळल्या.