लंबूच्या तारा

"मोठा आ कर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तशी लंबूने दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं.

खुर्चीच्या एका बाजूला त्यांची लेक बुटकी, दुसऱ्या बाजूला बडबड्या पोपट. दोघांनी आपल्या जिवलग मित्राचा एकेक हात घट्ट धरला होता. दातांच्या दवाखान्यात असली धरपकड रोजचीच, म्हणून बुटकीच्या आईला त्याचं नवल वाटलं नाही.

पण लंबू दुखण्याला भीत नव्हता. दातांच्या तारा निघतील, याला भीत होता.

मागच्या आठवड्यात मैदानामागच्या पडक्या पंपघरात तो एकटाच चेंडू आणायला शिरला आणि परत आला तो रक्तपिपासू पिशाच्च होऊन. चेंडू मात्र आणला, हे पोपट अजून कौतुकाने सांगे. तेव्हापासून रात्री सुळे खाली उतरत, दिवसा तारा त्यांना वर ओढत. परवा न राहवून त्याने पोपटाचा दंड दातांत धरला, तर बाहीचा धागा तारेत अडकला. शेवटी बुटकीने दोघांना कात्रीने सोडवलं. एरवी बिचारा बिटाच्या रसावर दिवस काढत होता. पण घरी त्याची धाकटी बहीण अजून त्याच्या कुशीत झोपायची. तिची इवलीशी मान, अन् त्याचे ओठ. मध्ये काय ती एवढी तार.

आणि आज ती निघणार होती.

"काकू, राहू द्या ना अजून वर्षभर," पोपट म्हणाला. "त्याला शोभतात हो."

"एवढ्या आवडल्या असतील तर तुलाही लावते. गप्प उभा राहा."

"आई, दात अजून वाकडे आहेत त्याचे," बुटकी घाईने म्हणाली. "मी बघितलेत."

"डॉक्टर तू की मी?"

आईने जबड्याच्या बिजागरीवर अंगठा दाबला. तोंड उघडलं. तिने लांब दांडीचा छोटा आरसा आत घातला, बाहेर काढला, पुसला, पुन्हा घातला. बुटकीने वाकून पाहिलं. आरशात दात नव्हते, जीभ नव्हती. कपडे काढून नेलेल्या दोरीसारखी नुसती तार अधांतरी लोंबत होती.



आईने आरसा ताटलीत ठेवला. दिवा जवळ ओढला आणि डोळ्यांनीच बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"तारांवर ताणायला दिलेली रबरं रोज लावतोस?"

"आँहँ," लंबूने नकारार्थी मान हलवली.

"वाटलंच मला! सुळे बघ कुठवर आलेत. आणि मी तारा काढायला निघाले होते! काढायच्या कसल्या, जाड तार घालते आता. आणि पुढचं सगळं वर्ष नावसुद्धा काढायचं नाही."

तिने पक्कड घेतली. तार बसली, पीळ बसला, सुळे कुरकुरत वर सरकले. लंबूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"दुखतंय का रे बाळा?"

"खूप," लंबू गहिवरून म्हणाला. "अजून आवळा ना, काकू."

लंबू आणि पोपट उड्या मारत जिना उतरले. बुटकी मागे रेंगाळली. बेसिनपाशी आई हत्यारं धूत होती.

"आई, तुला काही... वेगळं नाही दिसलं?"

"दिसलं की."

"मग?"

"मग काय? रबरं तुम्ही दोघांनी लावायची. आठवणीने, रोज. त्याच्या भरवशावर राहू नका." आईने नळ बंद केला. "आमच्या मैत्रिणींतही अशी एक होती. फार गोड मुलगी. पण तेव्हा तारा कुठे होत्या गं!"

बोलता बोलता तिने तोंडावरचा मास्क काढला आणि सुटलेले केस वर घेऊन गुंडाळले. कानाखाली, मानेच्या वळणावर, दोन फिकट ठिपके होते. शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारखे.

बुटकी इतकी वर्षं त्यांना कांजिण्यांचे व्रण समजत होती.