श्वास रोखायला लावणारा गेम

"बाबा, श्वास रोखायला लावतो हा गेम! सगळं जग वेडं झालंय त्याच्यामागे," मुक्ता म्हणाली. बायपास होऊन जेमतेम महिना झालेल्या बापासाठी आमच्या लेकीने हे आणलं होतं. मी म्हटलं, "सापशिडी चालली असती." पण ह्यांनी कंट्रोलर केव्हाच हातात घेतला होता.

ती ऑफिसला गेली. मी मेथी निवडायच्या निमित्ताने ह्यांच्याजवळच बसले. पडद्यावरचा शूर गडी दोरीच्या पुलावरून दरी ओलांडत होता. खाली मगरी, वरून बाण. माझी नजर मात्र ह्यांच्या छातीवर.

मग गडी पुलावर मध्येच थांबला. बाण लागून दरीत कोसळला, तरी ह्यांचं बोट हललं नाही. कंट्रोलर मांडीवरून घसरला. मान एका बाजूला कलली होती.

"अहो!" काही नाही. "अहो, ऐकताय ना?" मेथी घरभर सांडली. मी त्यांचे गाल थोपटत सुटले, आणि लग्नापासून उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं नाव तोंडातून फुटलं, "दिगंबर! दिगंबर!"

ते दचकून ताठ बसले आणि दाराकडे बघायला लागले. "कोण आलंय गं?"

मी नुसती रडत राहिले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं वेडे, तो मेला म्हणून रडतेस? परत उठतो तो. आणि एवढं काही नाहीये गं त्या गेममध्ये, लोक उगाच डोक्यावर घेतात. मला तर झोपच लागली."