पाच जणांची खात्री

"पोरीला दाखला आणि पोराला कबड्डीची जर्सी. हा न्याय तुम्ही कुठल्या तोंडाने केलात, साहेब?"

धम्मदिना बाईंनी शाळा कमिटीच्या अध्यक्षांना हे उभ्यानेच विचारलं. समोर खुर्ची होती, पण बसा कुणी म्हटलं नव्हतं. कामतघरहून रिक्षाने येऊन नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला कमिटी कशाला खुर्ची देते?

गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. नववीतल्या मृणालीने दहावीतल्या एका पोराला मोबाइलवर स्वतःचा फोटो पाठवला. पाठवायला नको होता. पण तो मागत राहिला, रुसला, बोलेनासा झाला, तेव्हा तिने पाठवला. त्याने तो मित्रांत वाटला. आता पोरगा भिवंडीला सामन्यासाठी निघाला होता आणि मृणालीच्या नावाने शाळा सोडल्याचा दाखला लिहून तयार होता.

"गावची शाळा हाय, मॅडम. गावच्या रीतीनं चालंल," अध्यक्ष म्हणाले. माणूस तसा वाईट नव्हता. फोडलेला बांध असो नाहीतर चोरलेला कोंबडा, पाच पंचांनी खात्री केल्याशिवाय गावकीत त्यांनी कधी निवाडा दिला नव्हता. "उगाच कुणाच्या पोरीवर आळ घेत न्हाय आम्ही. कमिटीच्या पाच जणांनी खात्री केली, तवा दाखला लिवला."

"मग तो द्यायच्या आधी मला एक तास द्या. मुलं-मुली एकत्र बसवते. कायदा काय म्हणतो ते सांगते."

"सांगा की. पोरींना जरा धाक बसंल. मी पन ऐकतो."

व्हरांड्यात मृणालीची आई बसली होती, कमळ. ज्या जमिनीत तिने भात लावला, तिथेच उभ्या राहिलेल्या गोदामात ती आता खोकी चिकटवते. आज खाडा करून आली होती. सकाळी तिने लेकीला शिव्या घातल्या नाहीत. डोक्याला तेल लावून दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या.

"दाखला घ्यायला चाललोय ना? मग रिबिनी कशाला?" मृणालीने विचारलं होतं.

"शाळंतच चाललीस ना? मग नीट जायाचं," कमळ म्हणाली होती.

मृणाली शेवटच्या बाकावर एकटी बसली. तिच्याजवळ बसायचं नाही असं इतर मुलींना घरून बजावलं होतं. बाईंनी कमळचा हात धरून तिला आत आणलं आणि लेकीशेजारी बसवलं. अध्यक्ष दाखला घेऊन दारात उभे राहिले.

बाईंनी खडू उचललाच नाही. "अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचा किंवा मुलाचा तसला फोटो," त्या म्हणाल्या, "मागणं गुन्हा. पुढे ढकलणं गुन्हा. मोबाइलमध्ये ठेवून घेणं आणि चारचौघांना दाखवणं, तोही गुन्हाच. पॉक्सो लागतो, आयटीचा कायदा लागतो."

"ठेवणं पन?" पोरांच्या बाकावरचा हितेश बोलून गेला.

"हित्या, तुझी लागली वाट," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. हितेश हसला नाही.

"पन मॅडम, तिनं सोताच पाठवला असंल तर?" दुसऱ्या एका पोराने विचारलं.

"तरीही. ती अजून लहान आहे. तिचा होकार कायदा धरतच नाही."

"मंग पाठवणारीला काय व्हत न्हाय?" पुढच्या बाकावरच्या विनिताने विचारलं.

"होऊ शकतं. पोलीस तिलाही विचारतील. म्हणून कुणी कितीही लाडात मागितला तरी पाठवायचा नाही. पण पोरींनो, एक लक्षात ठेवा. हा कायदा तिला सांभाळायला केलाय. तिला हाकलायला नाही."

"आम्ही तर बारकी हाव," हितेश पुटपुटला.

"बारक्यांना बाल न्याय मंडळ. मोठ्यांना थेट कोर्ट."

हितेश उभा राहिला. कान लाल झाले होते. "मॅडम, माज्याकडं हाय तो. आईच्या मोबाइलात लपवलाय. पुढं न्हाय पाठवला, आईशपथ. आज काढून टाकतो. कुणी पाठवला ते पन सांगतो." मग तो मागे वळला. आईच्या शेजारी बसलेल्या मृणालीकडे त्याला नीट बघवेना. "सॉरी गं."

या वेळी कुणी हसलं नाही. आणखी दोघांनी माना खाली घातल्या. विनिता दप्तर उचलून मागे गेली आणि मृणालीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. घरचं बजावणं घरी ठेवून बसली. कमळने पदराने डोळे टिपले आणि लेकीच्या वेणीची सुटलेली रिबिन पुन्हा बांधायला घेतली.

अध्यक्षांनी समाधानाने मान हलवली. "झ्याक झालं, मॅडम. पोरांनी सोताच्या तोंडानं कबूल केलं. ये कमळ, दाखला घे. खात्री झालेली गोष्ट हाय, आता उगा लांबवू नको."

कमळ उठायच्या आधी मृणाली उठली. फोटो पसरल्यापासून तिचा आवाज शाळेत कुणी ऐकला नव्हता. रिबिनीचं एक टोक अजून आईच्या हातात होतं. आईने ते ओढलं नाही.

"काका," मृणाली म्हणाली, "तुम्ही पाच जणांनी खात्री केली, ती काय बघून केली? आणि तो फोटो आता कुणाकुणाच्या मोबाइलात हाय, सांगा ना?"